उजवीकडचा रकाना

एकशे सातव्या फाईलपाशी मॅक्रो थांबला. पडद्याच्या मध्यावर एक राखाडी चौकट आली. छापण्यासारखं काही सापडलं नाही, असं तिच्यात इंग्रजीत लिहिलं होतं आणि खाली एकच बटण होतं, ते दाबून ही गोष्ट मान्य करायची. मी ते लगेच दाबलं नाही. सकाळचे साडेदहा झाले होते. खिडकीबाहेर वापीहून आलेला ट्रक मागे मागे येत होता आणि कोणीतरी एकाच सुरात 'आववा दे, आववा दे' म्हणत होतं. ट्रक थांबल्यावर तो आवाजही थांबला. चौकट तशीच होती.

मॅक्रो मीच लिहिला होता. एखादं काम आपण हाताने कसं करतो ते यंत्राला एकदा पाठ करून द्यायचं, म्हणजे मग ते न कंटाळता तेच करत राहतं. मॅक्रो म्हणजे एवढंच. हा मॅक्रो एका फोल्डरमधली एक्सेलची एकेक फाईल उघडायचा, तिच्यातलं पान पीडीएफ करणाऱ्या प्रिंटरकडे पाठवायचा, नाव विचारलं की नाव टाईप करायचा, फाईल बंद करायचा आणि पुढची घ्यायचा. हा प्रिंटर फक्त यादीत होता. टेबलावर किंवा टेबलाखाली तो कुठेही नव्हता, त्याला शाई लागत नव्हती, आणि त्याच्यातून जे पान निघायचं ते कागदावर न येता आणखी एक फाईल होऊन बसायचं. एका फाईलला बारा सेकंद. अडचण एकच होती. नाव टाईप करण्यासाठी मॅक्रो कीबोर्डची नक्कल करायचा, त्यामुळे तो चालू असताना खऱ्या कीबोर्डला कोणी बोट लावलं तर दोन्ही अक्षरं एकमेकांत मिसळून सगळंच बिघडायचं. म्हणून मी हात मांडीवर ठेवून बसत असे. 'प्रयोग चालू आहे, हात मांडीवर,' हे वाक्य नाना शाळेच्या प्रयोगशाळेत म्हणायचे. आठवीत मी त्यांच्या वर्गात होते तेव्हा मलाही म्हणायचे, आणि त्या वेळी त्यांच्या बोलण्यात मी त्यांची मुलगी असल्याची काही खूण नसायची.

नाना जाऊन अडीच महिने झाले होते आणि त्या नऊशे एकतीस फायली त्यांच्या होत्या. जुलै शहाण्णव ते ऑगस्ट नव्व्याण्णव. आमच्या कारखान्यात सूत रंगवायचं काम चालतं. रंगाचं पाणी टाक्यांमध्ये साफ करून मग नाल्यातून दमणगंगेत सोडतात, आणि सोडण्यापूर्वी ते रोज तपासून त्याचा तक्ता ठेवावा लागतो. राजापूरकडून अडुसष्ट साली सिल्वासाच्या शाळेत विज्ञान शिकवायला आलेला माणूस निवृत्त झाल्यावर दोन वर्षं घरात बसून जुन्या घड्याळांचे तुकडे करत होता, म्हणून मीच प्रभाकर साहेबांना विचारलं होतं. प्रभाकर साहेब आमच्या ऑफिसचे प्रमुख. ते म्हणाले, मास्तर येत असतील तर आम्हाला हवेच आहेत. अशा रीतीने मी कॉम्प्युटरवर आणि माझे वडील टाकीवर, असे आम्ही तीन वर्षं एका कारखान्यात काम केलं. जाताना मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसत असे. येताना ते एकटे सायकलने येत, कारण मला उशीर व्हायचा आणि सकाळी सायकल टेम्पोत टाकून आणायची व्यवस्था त्यांनी टाकीवरच्या वाल्मिककडून करून घेतली होती. स्कूटर माझ्यासाठी राहायची. हे सगळं किती गुंतागुंतीचं होतं ते आता लिहिताना लक्षात येतंय. तेव्हा ते रोजचं होतं.

आता दोन हजार साल येणार होतं आणि जुने कॉम्प्युटर ते साल ओळखणार नाहीत अशी सगळीकडे भीती होती. मुंबईच्या हेड ऑफिसने ठरवलं की जुनी यंत्रं पुसून काढून टाकायची, नवी आणायची, आणि जुने सगळे तक्ते त्याआधी पीडीएफ करून सीडीवर मुंबईला पाठवायचे. पीडीएफ का, तर त्यात नंतर कोणाला फेरफार करता येत नाही. सरकारी तपासणीला तेच दाखवता येतं. एक डिसेंबरला डिस्क पुसायची होती. म्हणून नोव्हेंबरच्या मध्यावर मी नानांचं फोल्डर घेतलं. ते सर्वांत शेवटी ठेवलं होतं.

शेवटी मी बटण दाबलं आणि फाईल उघडी राहिली. पान कोरं होतं. फाईलच्या नावात तारीख होती, बारा नोव्हेंबर शहाण्णव. रोजच्या तक्त्याच्या रेघा नव्हत्या, कारखान्याचं नाव नव्हतं, काही नव्हतं. नानांनी सगळा तक्ता पुसून ही कोरी फाईल जपून ठेवली, हे त्यांच्या स्वभावात बसेना. दिवाळीत कारखाना बंद असतो, चुकून झालं असेल, असं म्हणून मी ती बंद करणार होते. पण बंद करण्यापूर्वी पान उजवीकडे सरकवलं. का सरकवलं ते सांगता येणार नाही. कोरी वही हातात आली की आपण मागचं पान बघतो, तसंच काहीतरी.

उजवीकडे, एन नावाच्या रकान्यात, एक ओळ होती. इंग्रजी अक्षरांत मराठी. आमच्या यंत्रावर मराठी टाईप होत नसे आणि नानांना इंग्रजीत वास हा शब्द लिहिणं पटत नसे. ते म्हणायचे, इंग्रजीत नाकाला फार थोडे शब्द आहेत. असं लिहिलेलं मराठी नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाही, अक्षरं जुळवत तोंडाने म्हणावं लागतं, तेव्हा कळतं. मी म्हटलं: 'कारखाना बंद चौथा दिवस. पाणी सोडलेलं नाही. नाल्याच्या तोंडाशी उभा राहिलो. वास नाही. नुसत्या पाण्याचा येतो तो. तुलनेसाठी.'

शेवटचा शब्द मी दोनदा म्हटला, कारण पहिल्यांदा तो जुळला नाही. मग शेजारच्या टेबलावरच्या मंगलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी गप्प झाले. मोठ्याने म्हटल्यावर ते माझ्या आवाजात आलं होतं, पण थांबे नानांचे होते. 'वास नाही,' मग जरा थांबून, 'नुसत्या पाण्याचा येतो तो.' विद्यार्थ्याने अर्धवट उत्तर दिलं की ते उरलेलं असंच हळू पूर्ण करायचे.

तो पाडवा होता. आई ओवाळायचं ताट घेऊन बसून राहिली होती आणि नाना सकाळी कुठे गेले ते कोणालाच माहीत नव्हतं. अकराच्या सुमाराला आले. पँट गुडघ्यापर्यंत ओली. नदीवर गेलो होतो, म्हणाले. आईने विचारलं, पाडव्याला नदीवर काय काढलंत, तर पाटावर बसत म्हणाले, 'काही काढलं नाही. बघून आलो.' आई त्या दिवशी रागावलेली होती. ओवाळताना तिने निरांजन इतकं जवळ नेलं की त्यांनी मान मागे घेतली आणि मी हसले. हे मला नीट आठवतं. रखवालदाराकडून किल्ली घेऊन, बंद कारखान्यातला कॉम्प्युटर लावून, ओल्या पँटने बसून त्यांनी ती ओळ टाईप केली असेल हे मात्र मला तीन वर्षांनी कळत होतं.

मग मी मागच्या फायली उघडत गेले, म्हणजे ज्या मॅक्रोने आधीच पीडीएफ करून टाकल्या होत्या त्या. तक्ता ए पासून एल पर्यंत, आमच्या चौदा इंची पडद्यावर बरोबर तेवढाच मावायचा. मग एम रिकामा, समास सोडावा तसा. मग एन. एकोणीस ऑगस्ट: 'वास रॉकेलचा. सकाळी जास्त, दुपारी कमी.' दोन सप्टेंबर: 'कुजलेल्या कोबीचा. वाल्मिक म्हणतो नासलेल्या अंड्याचा. दोघांचंही लिहिलं.' सोळा सप्टेंबर: 'जांभळा फेस. अकरा मिनिटं टिकला.' तीस सप्टेंबर: 'मला सर्दी आहे. आजच्या वासावर विसंबू नये.' नऊ ऑक्टोबर: 'पलीकडच्या काठावर बाई भांडी घासत होती, तिने तोंडाला पदर लावला.' आणि या प्रत्येक दिवशी एल रकान्यात, रंग आणि वास या मथळ्याखाली, एकच शब्द, इंग्रजीतून: सर्वसाधारण. छापलेल्या कागदावर खाली नानांची सही असायची. ते कागद मीच महिन्याच्या शेवटी छापून त्यांच्यापुढे ठेवायची. ते चष्मा लावून सगळे वाचायचे, उजव्या कडेवरून अंगठा फिरवायचे, जणू तिथे काही आहे का ते बघतायत, आणि सही करायचे.

तक्ता माझा होता. सर्वसाधारण हा शब्दही माझा होता. मीटरचे आकडे मर्यादेत असले की त्या रकान्यात तेच असतं, असं ऑफिसमधून सांगितलं होतं, म्हणून मी तो मूळ नमुन्यातच घालून ठेवला होता, रोज कोण टाईप करणार. नानांना शिकवायला बसले तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, वासाचा रकाना इतका लहान का. मी म्हटलं, तिथे सर्वसाधारण असतं. ते म्हणाले, 'आणि नसलं तर?' मला घाई होती. मी म्हटलं, मग बाजूला लिहा. त्यांनी बाजूला लिहून बघितलं आणि छापल्यावर पान फुटलं, एकाच्या जागी दोन कागद आले. तेव्हा मी ए ते एल एवढाच भाग छापायचा असं यंत्राला ठरवून दिलं. माझ्या मागे उभे राहून ते बघत होते.

'मग बाजूचं?'

'ते छापून येणार नाही, नाना. पण राहील.'

'राहील ना?'

'राहील.'

एवढंच बोलणं झालं होतं. जुलै शहाण्णवमध्ये, जेवणाच्या सुट्टीत. पुढे एकदा, वर्ष दीड वर्षाने, स्कूटरवर पुढे बसून त्यांनी मान न वळवता विचारलं, 'माझे तक्ते तू उघडून बघतेस का कधी?' मी म्हटलं, महिन्याला छापतेच की. ते म्हणाले, 'हां.' रांध्याच्या फाट्याजवळ समोरून एस.टी. आली आणि विषय राहिला. आता एक एक फाईल उघडताना मला ते 'हां' पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. त्यात तक्रार शोधली तर सापडत नव्हती. ते कळल्याचं हां होतं, वर्गात कोण अभ्यास करून आलंय नि कोण नाही हे कळल्यावरचं.

शाळेत ते उत्तरपत्रिकेच्या उजव्या बाजूला रेघ मारून घ्यायचे. रेघेच्या पलीकडे कच्चं काम. इतर मास्तर ते बघत नसत. नाना आधी ते बघत. उत्तर बरोबर आणि कच्चं काम खोडलेलं, तर अर्धे गुण कापायचे, आणि कोणी विचारलं तर म्हणायचे की उत्तर शेजाऱ्याचं असू शकतं, कच्चं काम नसतं. मीही एकदा नीटनेटकं दिसावं म्हणून खोडलं होतं. माझे अर्धे गुण त्यांनी कापले आणि घरी आल्यावर त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही.

दुपारी मी टाकीवर गेले. तिथे वाल्मिक असतो. धुळ्याकडून आला त्याला आता दहा वर्षं झाली. नानांबरोबर तिन्ही वर्षं तोच होता. शेवटच्या टाकीच्या कठड्याला एक काथ्याचा दोर बांधलेला होता, तो कशाला म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, 'मास्तरांसाठी. रोज वाकायचे ना इथं. मी बोलायचो, मास्तर, एक दिवस आत पडाल नि मला तुमचापण तक्ता भरावा लागेल. तरी ऐके ना. मग दोर बांधला. कमरेला धरून ठेवायचो.' मी विचारलं, वास घ्यायला का. 'हाव. बोलायचे, वाल्मिक, मीटरला नाक नाही. मी बोलायचो, तुम्हाला आहे ना, बस झालं, कंपनीला दोन कशाला पाहिजेत.' तो हसला, मग हसणं तसंच तोंडावर राहू देऊन पाण्याकडे बघू लागला. पाणी त्या दिवशी फिकट तपकिरी होतं, सर्वसाधारण. मी श्वास घेतला. काहीतरी होतं, धातूसारखं, पण मला त्याला शब्द देता आला नाही. मी रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालेली आहे. वाल्मिकला विचारलं की मास्तर ते लिहून ठेवायचे हे तुला माहीत होतं का. 'लिहायचे तर. मला पण विचारायचे, तुला कसा येतो सांग. माझं नाव पण घालायचे बोलले.' आणि मग, दोराची गाठ चाचपत: 'ताई, ते वर गेलं ना साहेबांकडे?' मी म्हटलं, बघते.

चार वाजता मी दोन सप्टेंबरचा तक्ता एन रकान्यासकट कागदावर काढला आणि प्रभाकर साहेबांपुढे ठेवला. प्रभाकर साहेब वाईट माणूस नाहीत. नाना गेले त्या दिवशी ते सकाळी आमच्या घरी आधी पोचले होते, माझे मामा नंतर. कागद त्यांनी डोळ्यांसमोर धरला, ओठ हलवत वाचला, आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. असे किती आहेत, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सगळेच. त्यांनी उठून दार लोटलं.

'रोहिणीबाई, मी तुम्हाला कंपनीचं सांगत नाही. कंपनीला दंड होईल, कंपनी भरेल. हे बघा.' त्यांनी बोट एल रकान्यावर ठेवलं, मग खाली सहीच्या जागेवर. 'इथे सर्वसाधारण, खाली सही. आणि बाजूला हे. दोन्ही एकाच माणसाचं. उद्या कोणी विचारलं तर उत्तर द्यायला मास्तर नाहीत. लोक काय म्हणतील? माहीत होतं आणि सही करत राहिले. या गावात अर्धी माणसं त्यांच्या हाताखाली शिकलीत.'

हेच मी सकाळपासून स्वतःशी बोलत होते, फक्त इतकं स्वच्छ नाही. ते खुर्चीवर बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, 'एलपर्यंत करा. तुमचा मॅक्रो आहे तसा चालू द्या. बाजूचं सगळं फ्लॉपीवर घ्या नि घरी न्या. वडिलांची आठवण म्हणून. मी नाही म्हणणार नाही.'

नऊशे एकतीस दिवसांचा एन रकाना एका फ्लॉपीवर मावला आणि तरी जागा उरली. ती मी पर्समध्ये ठेवली, किल्ल्या आणि रुमालाच्या मध्ये. स्कूटर चालवताना पर्स मांडीशी लागत होती. मला वाटलं होतं की ती जवळ असल्याने बरं वाटेल, आणि नारोलीच्या रस्त्यापर्यंत खरंच वाटत होतं. माझ्याकडे त्यांचं काहीतरी होतं जे दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. आईला दाखवता आलं असतं, एखाद्या रविवारी काढून मोठ्याने वाचता आलं असतं, सर्दीचं वाचून आम्ही दोघी हसलो असतो. पुढे कधीतरी फ्लॉपी वाचणारं यंत्रही राहिलं नसतं, आणि मग ती नुसती एक काळी चौकोनी वस्तू म्हणून कपाटात, त्यांच्या चष्म्याशेजारी. आठवण म्हणून. हे शब्द प्रभाकर साहेबांनी चांगुलपणाने वापरले होते. पण त्या ओळीच्या शेवटी जो शब्द होता तो वेगळा होता. तुलनेसाठी. आठवणीसाठी कोणी पाडव्याच्या सकाळी गुडघाभर पाण्यात उभं राहत नाही. बंद दिवसाचं पाणी माहीत असल्याशिवाय चालू दिवसाच्या पाण्याबद्दल काही म्हणता येत नाही, हे त्यांनी आम्हाला आठवीत शिकवलं होतं. एक परीक्षानळी नेहमी नुसत्या पाण्याची ठेवायची. मुलं तिला हसत, हिच्यात तर काहीच नाही म्हणून. ते म्हणायचे, तिच्याकडेच आधी बघा.

आमच्या दाराशी लिंबाचं झाड आहे. नाना कामावरून आले की सायकल लावून त्याचं एक पान तोडायचे, बोटांत चुरगळायचे आणि नाकाशी धरून पायरीवर उभे राहायचे. मग घरात यायचे. मी ते नेहमी पाहिलं होतं आणि सवय समजत होते, कोकणातल्या माणसाची झाडांशी असते तशी. त्या संध्याकाळी मी पान तोडलं आणि तशीच उभी राहिले. आई आतून म्हणाली, 'तूही लागलीस का?' मी विचारलं, नाना हे का करायचे ग. ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. 'टाकीचा वास नाकात बसायचा म्हणे त्यांच्या. रात्री जेवणाचा वास यायचा नाही. तुला नव्हतं माहीत?' मला नव्हतं माहीत. मी तिला विचारलं की ते कधी तुझ्याशी बोलले का, कारखान्यातल्या कागदांबद्दल. तिने ताट हलवून तांदूळ एका बाजूला केले. 'मी विचारलेलं एकदा, सही का करता मग. तर म्हणाले, सगळं लिहिलंय त्यात, कधीतरी कोणी उघडेल.' आणि थोड्या वेळाने, खडा उचलून बाजूला टाकत: 'मला वाटलं, ते कोणी म्हणजे तूच.'

मी पान हातातच घेऊन आत गेले. हात धुतल्यावरही वास राहिला.

नानांनी सही करायला नको होती. हे मी लिहून ठेवते, कारण इथे ते खोडलं तर बाकीच्याला अर्थ नाही. त्यांनी एकदा तरी कागद परत ढकलून म्हणायला हवं होतं की हे पुरं नाही. कदाचित माझी नोकरी होती म्हणून म्हटलं नसेल, मीच त्यांना तिथे नेलं होतं. कदाचित त्यांना खरंच वाटत असेल की बाजूला लिहिलं म्हणजे लिहिलं, कारण राहील असं त्यांच्या मुलीने सांगितलं होतं आणि यंत्रातलं तिला कळतं. यातलं कोणतं खरं ते मला कधी कळणार नाही. मी दोन्ही मनात आलटून पालटून ठेवून पाहिली, वजन सारखंच भरलं. पण त्यांचं नाव राखायचं म्हणून रकाना कापायचा, तर नाव उरतं ते फक्त सर्वसाधारण या शब्दाखालचं. आणि तो शब्द त्यांचा नव्हताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅक्रो उघडला. जिथे एल होता तिथे एन केला, आणि रुंदी वाढली तरी सगळं एकाच पानात बसावं अशी एक ओळ वाढवली. त्याने अक्षरं बारीक होतात, पण वाचता येतात. बनलेलं प्रत्येक पान क्षणभर पडद्यावर दिसावं असंही केलं, गरज नव्हती तरी. मग साहेबांच्या दारात जाऊन सांगितलं, 'साहेब, एनपर्यंत करतेय. पहिल्यापासून.' ते फोनवर होते. त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला, माझ्याकडे बघितलं, आणि हात काढून पुन्हा फोनवर बोलू लागले. मी जागेवर येऊन मॅक्रो सुरू केला आणि हात मांडीवर ठेवले.

पानं येऊ लागली. बारा सेकंदांनी एक. एवढा मोठा तक्ता, आकडे, रेघा, आणि उजव्या कडेला, मोकळ्या पट्टीपलीकडे, त्यांच्या बारीक ओळी. रॉकेल गेलं, कोबी आणि अंडी गेली. मी वाचत नव्हते, बघत होते. सत्तरीच्या सुमाराला मागे खुर्चीच्या पाठीवर कोणाचा तरी हात टेकला आणि मला चहाचा वास आला. प्रभाकर साहेब कप घेऊन उभे होते. त्यांनी कप टेबलावर ठेवला, कीबोर्डच्या अगदी कडेला, आणि बोटं तिथेच राहू दिली. मॅक्रो कसा बिघडतो ते त्यांना माहीत होतं. मीच सगळ्या ऑफिसला ओरडून सांगितलं होतं की चालू असताना कोणी हात लावू नका, एक बटण दाबलं गेलं तरी सगळं पुन्हा करावं लागतं. सर्दीचं पान गेलं. मग पदर लावलेल्या बाईचं. शंभर. एकशे तीन. मंगलाबाईंचा टाइपरायटर थांबला होता. मी मान वळवली नाही, साहेबांच्या बोटांकडे मात्र बघत होते. त्यांत अंगठी होती, ती कपावर हलकेच वाजत होती.

एकशे सातव्या फाईलपाशी मॅक्रो थांबला नाही. पान आलं, जवळजवळ कोरं, आणि उजवीकडे एक ओळ. साहेब पुढे वाकले. अक्षरं बारीक होती, आणि तसं मराठी डोळ्यांनी वाचता येत नाही. त्यांचे ओठ हलले, मग आवाज आला, अडखळत, अक्षर जुळवत. 'वास नाही,' ते म्हणाले, आणि थांबले, पुढचं जुळेपर्यंत. 'नुसत्या पाण्याचा येतो तो.'

पान मिटलं. एकशे आठवी फाईल उघडली.

'अजून किती आहेत?' त्यांनी विचारलं.

'आठशे चोवीस.'

त्यांनी कप उचलला, मंगलाबाईंच्या बाजूची खुर्ची ओढली, आणि कीबोर्डपासून जरा लांब, हात मांडीवर घेऊन बसले.